तिन्हींच्या मधोमध

स्वयंपाकघराची खिडकी फुगून बसली होती. त्याने तळहाताने दोन दणके दिले तेव्हा ती उघडली, आणि समोर हॉस्पिटल दिसलं. आधी नुसती उंच, पिवळट भिंत दिसली, मग तिच्यावरून खाली उतरणारे जाड पाइप, मग खिडक्यांच्या रांगा, आणि मग चौथ्या मजल्यावरची उजवीकडून तिसरी खिडकी. ती शोधायला त्याला मोजावं लागलं नाही. नजर आपली आपण तिथे जाऊन थांबली. "हवा बघा काका," मागून एजंटबाई म्हणाल्या, "या रांगेत एवढी हवा दुसऱ्या कुठल्या घराला नाही." तो "हो" म्हणाला. हवा खरंच होती. शर्टाची कॉलर हलत होती. त्या हवेला धुतलेल्या चादरींचा, वाफेचा आणि औषधी साबणाचा वास होता, आणि हा वास ओळखीचा होता. त्याने ओट्याच्या कडेवर हात ठेवला. ओटा गार होता. आता आपल्याला काहीतरी होईल म्हणून तो थांबून राहिला, इंजेक्शन टोचून झाल्यावरही माणूस दुखायची वाट बघत राहतो तसा, पण काही झालं नाही.

एजंटबाईंनी गेल्या तीन आठवड्यांत त्याला अकरा घरं दाखवली होती. चाळिशीच्या, बोलक्या, खांद्याला पिशवी आणि पिशवीत किल्ल्यांचे एवढे जुडगे, की त्या जिना चढायला लागल्या की खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघत. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही काका," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "लोक बाथरूम बघतात, तुम्ही घड्याळ बघता." ते खरं होतं. घर कसंही असो, तो आधी दारात उभा राहून घड्याळ लावायचा आणि पोहण्याच्या तलावापर्यंत चालत जायचा, मग परत येऊन मैदानापर्यंत. एजंटबाई तोपर्यंत जिन्यात बसून फोनवर दुसरी घरं विकायच्या. आज मात्र त्यांना घाई होती. या घराला सकाळीच एक जोडपं बघून गेलं होतं, दोघंही समोर कामाला, त्यांना तर हे घर म्हणजे उशीवरून उठून कामावर. पण काकांचा नंबर आधीचा, म्हणून मालकांनी सहा वाजेपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. सहाला हो किंवा नाही. आता पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. "मी बाहेरच्या खोलीत आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही निवांत बघा. पण निवांत म्हणजे मागच्या वेळेसारखं नको."

घर त्याने स्वतःच शोधलं होतं, म्हणजे घर नव्हे, जागा. चौतीस वर्षं त्याने रस्ते खात्याच्या कचेरीत नकाशे काढले होते. तिथे त्याला सगळे ड्राफ्ट्समनच म्हणत, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हात तसाच होता. कुठलीही गोष्ट अडली की तो टेबलावर ट्रेसिंगचा पारदर्शक कागद पसरायचा. सकाळी जिथे पोहायचं तो तलाव हा एक ठिपका. नदीकाठचा रस्ता, जो सकाळी आठपर्यंत गाड्यांना बंद असतो आणि जिथे सायकल मोकळी चालवता येते, तो दुसरा. धावायचं मातीचं मैदान तिसरा. तीन ठिपके जोडले की त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाच्या बाजूंचे मध्य काढून तिथून काटकोनात रेषा ओढल्या की त्या एका बिंदूत मिळतात. तो बिंदू तिन्ही ठिकाणांपासून सारख्या अंतरावर असतो. हे शाळेतलं गणित होतं, पण ते आपल्या राहण्यासाठी वापरावं असं त्याच्या ओळखीतल्या कुणाला सुचलं नसतं. रेषा मिळाल्या तेव्हा त्याला फार दिवसांनी बरं वाटलं होतं. त्याने त्या बिंदूवर पेन्सिलीचं टोक टेकवलं, आजूबाजूच्या चार गल्ल्यांची नावं एका चिठ्ठीवर लिहिली आणि एजंटबाईंना नेऊन दिली. कचेरीतल्या सवयीप्रमाणे कागदावर फक्त रस्ते घेतले होते. इमारती भरायच्या नसतात, त्या दुसऱ्या खात्याचं काम. बिंदूच्या पलीकडे एक मोठी पांढरी जागा सुटली होती, तिच्याकडे त्याने पाहिलं होतं आणि कुठलातरी कारखाना किंवा शाळा असेल असं धरलं होतं. हॉस्पिटलला तो नेहमी समोरून गेला होता. मोठ्या रस्त्यावर बसमधून उतरायचं, फुलवाल्याच्या आणि औषधांच्या दुकानांच्या पुढून फाटकात शिरायचं. मागच्या बाजूने, या गल्लीत, तो आजपर्यंत कधी आलाच नव्हता. मागची बाजू त्याने फक्त वरून बघितली होती, आणि तीसुद्धा नीट नाही.

पोहायला तो लागला ते तब्येतीसाठी, असं तो सगळ्यांना सांगे. खरं म्हणजे पाण्याखाली कुणी बोलत नाही म्हणून. बायको गेल्यावर चार महिने लोक बोलत होते. जिन्यात, बसमध्ये, भाजी घेताना, माणसं त्याचा हात हातात घेऊन थोडा वेळ उभी राहायची आणि तो त्यांचं समाधान होईपर्यंत हात तसाच ठेवायचा. तलावात हात कुणाला धरता येत नव्हता. तोंड पाण्यात घातलं की आवाज जायचा, तळाच्या निळ्या फरश्या एकामागून एक खालून सरकायच्या, आणि भिंत आली की वळायचं एवढंच काम उरायचं. पोहण्याच्या चष्म्याचे वण डोळ्यांभोवती तासभर राहत. लोकांना वाटे, रडून आलाय, म्हणून ते काही विचारत नसत. ते फार सोयीचं होतं. मग तिथेच त्याला तो शिकवणारा भेटला, ज्याला सगळे तोंडावरच शिट्टी म्हणत, कारण शिट्टी तोंडातून न काढताच तो बोलायचा. शिट्टीकडे पाच जणांची तुकडी होती. दीड किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन लगेच चाळीस किलोमीटर सायकल, आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या दहा किलोमीटर धावायचं, अशी एक शर्यत नऊ महिन्यांनी होती. "काका, तुम्ही याल का?" शिट्टीने विचारलं होतं, बहुधा गमतीने. तो हो म्हणाला. त्याला त्यातली एक गोष्ट आवडली होती: एक संपलं की पुढे काय करायचं हे ठरलेलं असतं. पोहण्यात तो बरा होता, सायकलवर साधारण, धावण्यात हळू, आणि मधल्या बदलात सगळ्यांत वाईट. ओल्या पायांत मोजे चढेनात, नाडीची गाठ नीट बसली नाही म्हणून तो ती सोडून पुन्हा बांधायचा. "काका, बूट घालताय की बुटाचं चित्र काढताय?" असं तुकडीतले लोक ओरडत आणि पुढे निघून जात. तिने हे ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती. साठाव्या वर्षी हे करायचं म्हटल्यावर ती काय म्हणाली असती तेही त्याला माहीत होतं. "पडलात तर मला उचलायला बोलावू नका. माझी कंबर आधीच गेलीय."

घर बदलायचं हे मात्र शिट्टीनेच डोक्यात घातलं. शहराच्या टोकाला असलेल्या जुन्या घरातून तलावावर यायला दीड तास आणि जायला दीड तास लागायचा. "तुमचं अर्धं अंग रस्त्यातच संपतं," शिट्टी म्हणाला, "पाण्यात उतरता ते उरलेलं." त्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. सत्तावीस वर्षांचं घर. पण त्या घरात आता असं झालं होतं की तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचा आणि तिथे का आलो ते विसरायचा, आणि मग त्याच्या लक्षात यायचं की विचारायला आलो होतो. ब्रेड खायचा, उकडलेलं काहीतरी खायचं, तेही उभ्याने. ताटलीत वाढून घेतलं तर समोरची खुर्ची दिसायची.

त्याने पुन्हा वर पाहिलं. उजवीकडून तिसरी. तिचा पलंग वॉर्डाच्या टोकापासून तिसरा, खिडकीला लागून होता, आणि तो मिळाला म्हणून पहिल्या दिवशी ती खूश झाली होती, आगगाडीत खिडकीची जागा मिळाल्यासारखी. एकेचाळीस दिवस ती तिथे होती. सुरुवातीला मागे उशी लावून बसायची आणि संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या स्वयंपाकघरांकडे बघायची. सात खिडक्या होत्या. तिने सगळ्यांना नावं ठेवली होती. एक घाईवाली, जी आल्या आल्या पिशवी खांद्याला तशीच ठेवून कांदा चिरायला घ्यायची. एक पुस्तकवाला, जो एका हाताने भांड्यातलं ढवळायचा आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायचा, आणि त्याचं नेहमी उतू जायचं. एका खिडकीतली दोघं भांडायची, पण भांडताना दोघंही भाजी निवडत असायची. "अहो, बघा ना, पुन्हा उतू गेलं त्याचं," ती म्हणायची. तो बघायचा नाही. त्याला या गोष्टीचा राग यायचा. इथे रक्ताचे रिपोर्ट येतायत, डॉक्टर संध्याकाळी येणार म्हणून सकाळी येऊन जातायत, आणि ही लोकांच्या ओट्यावर काय चाललंय ते सांगतेय. तो सलाइनकडे बघत बसायचा. थेंब मिनिटाला किती पडतायत ते मोजायचा, कमीजास्त झाले तर उठून नर्सला सांगायचा. ते काम त्याला जमत होतं. शेवटच्या आठवड्यात तिला मान उचलवेना. तेव्हा ती डोळे मिटूनच विचारायची, "घाईवाली आली का?" आणि तो मान न वळवता म्हणायचा, "आली." "काय करतेय?" "चिरतेय काहीतरी." एकदा ती म्हणाली, "न बघता सांगताय." तिच्या आवाजात राग नव्हता. डाळीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं ती म्हणाली. त्याने तेव्हाही वळून पाहिलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की त्याचं अंग आणखीच ताठ व्हायचं. त्यानंतर तिने विचारलं नाही. किंवा विचारायला दिवस उरले नाहीत.

म्हणजे त्या सात खिडक्यांपैकी एका खिडकीत तो आता उभा होता. कुठली ते त्याला सांगता येत नव्हतं. घाईवालीची, की पुस्तकवाल्याची, की त्या भांडणाऱ्या दोघांची. ते घर ओळखण्यासाठी जे बघायला हवं होतं ते त्याने एकेचाळीस दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला नको असलेली घरं आत्तापर्यंत दारातूनच कळली होती. हे नको आहे का, तेच कळेना.

खिशातला फोन वाजला. मुलगी होती. ती कचेरीतून रोज साधारण याच वेळेला फोन करायची, आणि जेवलात का याऐवजी हल्ली कुठलं घर बघितलं असं विचारायची. तिच्या घरी, शहराच्या अगदी दुसऱ्या बाजूला, त्याच्यासाठी एक खोली रंगवून तयार होती. त्रिकोणाचा कागद त्याने तिला मोठ्या हौसेने दाखवला होता. तिने तो नीट पाहिला आणि विचारलं, "बाबा, यात मी कुठे आहे?" ती त्या कागदावर मावत नव्हती. त्याने खरंच मोजून टेबलाच्या कडेजवळ बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे साधारण." ती हसली नव्हती.

"कसं आहे घर?"

"बरं आहे. हवेशीर आहे."

"कुठे आहे नेमकं?"

गल्लीचं नाव सांगून भागलं असतं. "हॉस्पिटलच्या मागे," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"आपल्या."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज येत होता, तो थांबला. "बाबा, त्या बाईंना नाही म्हणा आणि खाली उतरा."

"अगं, मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं? नकाशे कोण काढत होतं घरात, मी?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. तिच्या शेजारी माणसं बसलेली असणार. "मी अजून त्या रस्त्याने गाडी नेत नाही. एवढा मोठा वळसा घालते रोज. आणि तुम्ही तिथे राहायला जाणार? मला भेटायला यावंसं वाटलं तर मी कुठे येऊ?"

त्याने खिडकीचा कोयंडा खालीवर केला. "तुझ्याकडे आलो तर," तो म्हणाला, "मी नुसता म्हातारा होईन गं. सकाळी शिंकलो तरी तू मला पोहायला सोडणार नाहीस."

"मग? शिंका येत असताना पोहतात का?"

"पोहतात."

"तुम्हाला ना, आईच ठीक होती," ती म्हणाली. हे वाक्य ती पूर्वी चिडली की नेहमी म्हणायची, आणि आताही ते सवयीने निघून गेलं. "मी करते पुन्हा फोन," ती म्हणाली.

फोन खिशात ठेवताना दारातून आवाज आला, "कोण आहे? नवीन का?" शेजारच्या घरातल्या बाई होत्या, पासष्टीच्या आसपास, गळ्यात मापाची टेप, पदराला दोन टाचण्या टोचलेल्या, आणि दोन्ही हातांत चहाचा एकेक कप. कपडे ढिले-घट्ट करून द्यायचा त्यांचा व्यवसाय होता, हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी एक कप एजंटबाईंना दिला, दुसरा ओट्यावर त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत असं पाहिलं की त्याला आपल्या पँटची लांबी चुकल्यासारखी वाटली.

"पडद्याचं सांगितलं का यांना?" त्यांनी एजंटबाईंना विचारलं.

"ते मी शेवटी सांगते मावशी."

"शेवटी म्हणजे सही झाल्यावर."

"तसं नाही हो. आधी माणसाला घर तर आवडू दे."

"मागच्याला असंच केलंत," शेजारीण म्हणाली, आणि त्याच्याकडे वळली. "हे बघा भाऊ, लिहून ठेवलेलं काही नाही. कुणी सक्ती करणार नाही. पण आमच्या या मागच्या बाजूच्या खिडक्यांना संध्याकाळी आम्ही पडदा लावत नाही. दिवे लागले की साधारण आठपर्यंत. दिवा लावायचा, पडदा बाजूला, आणि असेल ते काम खिडकीशी करायचं. समोरची माणसं बघतात." तिने हनुवटीने समोर दाखवलं. "फार वर्षांमागे एक म्हातारा काठी टेकत जिना चढून आला. बरा होऊन घरी निघाला होता. आमच्या सासूबाईंना म्हणाला, दीड महिना तुमचं कांदा चिरणं बघत होतो. अमक्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत, तर मला वाटलं, तुम्हालाच काही झालं की काय. सासूबाई बाहेर लग्नाला गेल्या होत्या हो नुसत्या! तेव्हापासून आहे हे. नवीन माणसाला आधी सांगायचं, मग त्याचं त्याने ठरवायचं. मागचा भाडेकरू पडदा लावून बसायचा. आम्ही काही बोललो नाही त्याला."

"बोललाही नाहीत आणि चहालाही बोलावलं नाहीत," एजंटबाई म्हणाल्या.

"चहाला का बोलवावं? तो पडद्याआड पीत असेल की."

त्याने कप उचलला आणि पुन्हा ठेवला. त्याला बोलायचं नव्हतं. दीड वर्षात त्याने हे वाक्य कुणापुढे आपणहून काढलं नव्हतं, लोकच काढत आणि तो ऐकून घेई. "माझी बायको होती समोर," तो म्हणाला. "चौथ्या मजल्यावर. ती तिसरी खिडकी."

शेजारणीने खिडकीकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही. "कधी?"

"दीड वर्ष झालं. थंडीत."

"थंडीत काचांवर वाफ धरते आमच्या. पुसत राहावं लागतं." मग तिने विचारलं, "घरी गेल्या का?"

"नाही."

"हं." एजंटबाईंनी कप तोंडापाशी नेला होता तो तसाच धरून ठेवला. शेजारणीने गळ्यातली टेप काढली, बोटांना गुंडाळली, पुन्हा सोडली. "बघायच्या का इकडे?"

"रोज. नावं ठेवली होती तिने सगळ्यांना."

"आणि तुम्ही?"

"मी बघितलं नाही." हे बोलायला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. "ती विचारायची, काय करतायत, आणि मी न बघताच सांगायचो. सलाइनचे थेंब मोजत बसायचो मी."

त्याला वाटलं, आता ही बाई म्हणेल, तुम्ही तिच्याकडे बघत असाल हो. लोक असं काहीतरी म्हणतात. शेजारीण म्हणाली, "थेंब मोजायलाही कुणीतरी लागतंच," आणि तिने कोपऱ्यातली झाडणी उचलून मोरीपाशी सरळ उभी करून ठेवली. ही घाईवाली असेल का, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. विचारणार कसं? पुन्हा, तिचं उत्तर हो आलं असतं किंवा नाही आलं असतं, तरी त्याला ते पडताळून बघता आलं नसतं. बघणारी एकच होती. त्याला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. इतके दिवस त्याला वाटत होतं की ती आपल्याच मनाने लोकांच्या घरात डोकावते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. तर ही माणसं दिवा लावून, पडदा सारून, तिच्यासाठी उभी राहत होती. तिच्या संध्याकाळची व्यवस्था कुणीतरी केली होती. तिला ते कळलं असतं तर तिला मजा वाटली असती की चोरी पकडल्यासारखं झालं असतं, हे त्याला ठरवता येईना. बहुतेक ती म्हणाली असती, मग त्या पुस्तकवाल्याला जरा गॅस बारीक करायला सांगा.

"मला स्वयंपाक येत नाही," तो म्हणाला.

"तिथून चव कुणाला कळतेय?" शेजारीण म्हणाली. "हात हलताना दिसले म्हणजे झालं."

"आणि संध्याकाळी सहाला मला मैदानावर धावायचं असतं."

"कशाला?"

त्याने शर्यतीबद्दल सांगितलं. पोहणं, सायकल, धावणं, सगळं एकाच दिवशी, एकामागून एक. शेजारीण ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा त्याच्या बहिणीचा त्याचं एखादं खूळ ऐकताना व्हायचा तसा झाला. "कुणी मागे लागलंय का तुमच्या?" तिने विचारलं. एजंटबाई हसल्या, आणि मग तोही हसला. "धावणं सकाळी करा," शेजारीण म्हणाली. "नाहीतर करू नका इथे राहायचं. दुसरे लोक आहेत म्हणे." ती वळून गेली सुद्धा. पलीकडच्या घरात शिवणयंत्र सुरू झाल्याचा आवाज भिंतीतून आला.

सहाला दहा मिनिटं कमी होती. तलाव, रस्ता, मैदान, तिन्हीकडे चालत पंचवीस मिनिटं, त्यात आज बदल झाला नव्हता. गणित बरोबर होतं. पण हे घर घ्यायचं तर शर्यतीसाठी घेतलं असं आता म्हणता आलं नसतं, आणि तिच्यासाठी घेतलं असंही नाही, कारण तिला याचा काही उपयोग नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या त्या पलंगावर आज दुसरं कुणीतरी होतं, आणि त्याच्या शेजारी स्टुलावर बहुधा एक जण बसलेला होता, जो इकडे बघत नव्हता. घर नाही घेतलं तर समोर काम करणारं ते जोडपं येईल. तीही चांगली माणसं असतील, तीही पडदा लावणार नाहीत. त्याच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर त्याला उलट मोकळं वाटलं. मुलीचं मात्र अडलेलं होतं. तिने या रस्त्याला घातलेला वळसा त्याला आता नकाशावर दिसल्यासारखा दिसला, रोजचा, दोन्ही वेळचा. त्याने खिशातून फोन काढला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"मी हे घर घेतोय," तो म्हणाला.

"मी तिथे येणार नाही, बाबा."

"बरं."

"बरं काय, बरं! असं कसं नुसतं बरं म्हणता तुम्ही?" ती बाहेर कुठेतरी आली असावी, मागे वाऱ्याचा आवाज होता. "दिसतं का तिथून?"

"स्वयंपाकघरातून दिसतं. बाहेरच्या खोलीतून नाही."

"मग मला बाहेरच बसवाल?"

"तू म्हणशील तिथे."

"आणि मी आले की ती खिडकी लावून घ्याल?"

हो म्हणणं सोपं होतं. न बघता सांगण्याची त्याला सवय होती. "नाही," तो म्हणाला. "इथे संध्याकाळी खिडकी लावत नाहीत. का ते तू आलीस की सांगतो. फोनवर नाही सांगता यायचं."

फोन बंद झाला की काय म्हणून त्याने कानापासून काढून पाहिला. चालू होता. मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "मी पाठ करून बसेन."

"बस."

"रविवारी. आणि मी येईपर्यंत भांडी वगैरे काही विकत घेऊ नका. तुम्ही काहीही आणता."

एजंटबाई दारातून सगळं ऐकत होत्या आणि ऐकलं नाही असं दाखवण्यासाठी किल्ल्या मोजत होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. त्यांनी घड्याळात पाहिलं, "सहाला तीन कमी," असं म्हणाल्या आणि मालकांना फोन लावत जिना उतरू लागल्या. किल्ल्यांचा आवाज मजल्यामागून मजला खाली गेला. बाहेर ऊन उतरलं होतं. शेजारच्या भिंतीपलीकडचं शिवणयंत्र थांबलं, आणि थोड्या वेळाने तिकडच्या खिडकीतून उजेडाचा एक पट्टा बाहेर पडला. मग त्याच्या खालच्या घरातून आणखी एक. त्याने बटण शोधलं. दिवा लागला, चांगला प्रखर होता. रिकाम्या स्वयंपाकघरात करण्यासारखं काहीच नव्हतं. ओट्यावर चहाचे दोन कप होते, एजंटबाईंनी ठेवलेला रिकामा आणि त्याचा, जो त्याने गार झालेलाच पिऊन टाकला. त्याने नळ सोडला, बाही वर सरकवली, एक कप घेतला आणि कडेने, आतून, बुडाशी, बोटाने घासून नीट धुतला. समोर चौथ्या मजल्यावर कुणीतरी पडदा बाजूला सारला. इथून तोंड दिसत नव्हतं. त्याने दुसरा कप धुऊन पालथा घातला. कप दोनच होते, म्हणून त्याने पहिला पुन्हा उचलला.